ज्ञानाचे कोठार आणि चिठ्ठीची रीत
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी काही मोठा वक्ता नाही. गेली अनेक वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवितो एवढीच माझी ओळख. तेव्हा उपदेश करण्यापेक्षा, मला जे थोडेबहुत ठाऊक आहे आणि ज्याचा आपल्या मुलांना उपयोग होईल, तेवढेच सांगावे असे मी ठरविले आहे.

दरवर्षी बारावीचे निकाल लागले की पालक माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलाने सायन्स घेतले. डॉक्टरकीला नंबर लागला नाही. आता पुढे काय?" मुलगी असेल तर प्रश्नाला आणखी एक शेपूट असते. "शहरात ठेवायची ऐपत नाही आणि मनही होत नाही. आता ती घरीच बसणार." जणू काही जीवशास्त्र शिकलेल्या मुलापुढे डॉक्टर होणे किंवा घरी बसणे असे दोनच रस्ते आहेत! आज मी तुम्हाला तिसऱ्या रस्त्याची माहिती देणार आहे. तो सोपा आहे असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या तोंडाशी पहारेकरी नाही, फी नाही आणि कोणाची शिफारसही लागत नाही.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या शरीरातील बहुतेक प्रकारच्या पेशींत डीएनए नावाचा लांबच लांब धागा असतो हे तुम्ही शाळेत शिकला आहात. त्या धाग्यावर चारच प्रकारचे मणी असतात. शास्त्रज्ञ त्यांना ए, सी, जी, टी अशा चार अक्षरांनी ओळखतात. ही अक्षरे कोणत्या क्रमाने येतात, त्यावर शरीरात कोणते प्रथिन तयार होणार हे ठरते. प्रथिनांची लिपी वेगळी. तिच्यात वीस अक्षरे, म्हणजे वीस प्रकारची अमिनो आम्ले. डीएनएमधील तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द आणि त्या प्रत्येक शब्दाला प्रथिनातील एक अक्षर, असा हा हिशेब आहे. अक्षरांच्या या ओळीलाच क्रम म्हणतात. इंग्लंडच्या फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिन या प्रथिनाच्या ५१ अक्षरांचा क्रम शोधून काढला, त्यासाठी त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे डीएनएचा क्रम वाचण्याची रीत शोधल्याबद्दल १९८० साली त्यांना दुसऱ्यांदा ते मिळाले. एक्कावन्न अक्षरांसाठी केवढी मेहनत! आज यंत्रे तेच काम रात्रंदिवस करीत आहेत.

वाचलेले क्रम जपून ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. त्याचे पहिले उत्तर एका स्त्रीने दिले, हे येथे बसलेल्या मुलींनी ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ साली त्या वेळी ठाऊक असलेल्या प्रथिनांचे क्रम एकत्र करून पुस्तकरूपाने छापले. त्यात ६५ प्रथिने होती. अमिनो आम्लांना एकेका अक्षराची आटोपशीर खूण देण्याची पद्धतही त्यांचीच. पुढे १९८२ साली अमेरिकेत 'जेनबँक' हे डीएनए-क्रमांचे कोठार सुरू झाले. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यात ६०६ क्रम होते आणि सगळी मिळून ६,८०,३३८ अक्षरे होती. आज तेथे कोट्यवधी नोंदी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या आश्रयाखाली १९८८ साली स्थापन झालेली एनसीबीआय ही सरकारी संस्था ते कोठार सांभाळते. युरोप आणि जपान यांचीही अशीच कोठारे आहेत आणि तिघेही आपापल्याकडे आलेला माल रोज एकमेकांना देतात. एका ठिकाणी ठेवलेला क्रम तिन्हीकडे मिळतो.

आणि हा माल कोणाला मिळतो? ज्याला हवा त्याला. हार्वर्डच्या प्राध्यापकाला जी नोंद दिसते, तीच आपल्या तालुक्याच्या गावात बसलेल्या विद्यार्थिनीला दिसते. २०२० च्या जानेवारीत करोना विषाणूचा २९,९०३ अक्षरांचा क्रम जगापुढे खुला झाला, तेव्हा कितीतरी देशांतील शास्त्रज्ञांनी विषाणू हातात येण्याची वाट न पाहता त्या अक्षरांवरूनच चाचण्यांची आणि लसींची तयारी सुरू केली. भारतातील पहिले रुग्ण केरळात सापडले. त्यांच्या नमुन्यांतील विषाणूचे क्रम आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वाचले आणि जगासाठी खुले केले. घेणाऱ्यांच्या रांगेत आपण आहोत, तसे देणाऱ्यांच्या रांगेतही आहोत.

आता कोणी म्हणेल, कोठार आहे हे खरे, पण त्यातून माल काढावयाचा कसा? एखादा क्रम हवा असेल तर संकेतस्थळ उघडून हाताने शोधता येतो. पण पाचशे क्रम हवे असले, दर महिन्याला नवे आलेले तपासावयाचे असले, तर हाताने ते होणार नाही. तेथे संगणकाला आज्ञा लिहून द्यावी लागते, म्हणजेच प्रोग्रॅम लिहावा लागतो. हे ऐकून घाबरू नका. सगळे आपणच लिहावयाचे नसते. वारंवार लागणारी कामे जाणकार माणसे आधीच लिहून ठेवतात आणि तो तयार संच सर्वांना वापरावयास देतात. अशा संचाला संगणकवाले 'लायब्ररी' म्हणतात. तिच्यात पुस्तके नसतात, हत्यारे असतात. सुताराच्या पेटीत रंधा, करवत, पटाशी असते तशी. पायथॉन ही आज शाळा-महाविद्यालयांत शिकविली जाणारी संगणकाची भाषा आहे. तिच्यासाठी जीवशास्त्राच्या कामाची जी पेटी आहे, तिचे नाव 'बायोपायथॉन'. १९९९ साली काही शास्त्रज्ञांनी तिचे काम सुरू केले. निरनिराळ्या देशांतील लोक पदरमोड करून ती आजही वाढवीत आहेत. पायथॉन फुकट आहे आणि बायोपायथॉनही फुकट आहे. एका ओळीची आज्ञा दिली की ती आपल्या संगणकावर येऊन बसते.

या पेटीत 'एन्ट्रेझ' नावाचे एक हत्यार आहे. दूरच्या कोठाराशी बोलण्याचे काम ते करते. ते कसे चालते हे सांगण्यासाठी मी तुम्हाला आपल्या लहानपणीची एक रीत आठवून देतो. गावातून कोणी मुंबईला निघाला की घरोघरची माणसे त्याच्याजवळ चिठ्ठ्या देत. चिठ्ठीत काय असे? पाठविणाऱ्याचे नाव, कोणत्या दुकानात जावयाचे ते, कोणती वस्तू, किती आणि कशा रीतीने बांधून आणावयाची. चिठ्ठी स्पष्ट असेल तर वस्तू बरोबर येई. नुसते "कापड आण" असे लिहिले तर काय येईल हे अल्लाच जाणे!

एन्ट्रेझचे काम हुबेहूब असेच आहे. पहिल्या ओळीत आपला खरा ई-मेल पत्ता लिहावयाचा. हे पाठविणाऱ्याचे नाव. मग कोणते दालन ते सांगावयाचे: डीएनए-क्रमांचे 'न्यूक्लिओटाइड', प्रथिनांचे 'प्रोटीन', किंवा वैद्यकीय लेखांचे 'पबमेड'. त्यानंतर 'ई-सर्च' या आज्ञेने शोध घ्यावयाचा. कोठार आपल्याला माल देत नाही, आधी मालाचे क्रमांक देते. त्या क्रमांकांतून हवे ते निवडून 'ई-फेच' या आज्ञेने नोंद मागवावयाची, आणि ती नुसत्या अक्षरांच्या साध्या रूपात हवी की सर्व टिपणांसह पूर्ण रूपात हवी, तेही सांगावयाचे. आलेली नोंद वाचून तिचे भाग वेगळे करणारे हत्यारही पेटीत आहेच. दहा-बारा ओळींचा हा प्रोग्रॅम होतो.

एक खरे उदाहरण घेऊ. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. त्याचा एक भाग म्हणजे बीटा ग्लोबिन. त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते आणि त्याला 'एचबीबी' असे नाव आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक घरांना ज्याने दुःख दिले तो सिकलसेलचा आजार याच जनुकातील एका अक्षराच्या फरकाने होतो. थॅलेसेमियाचा एक मुख्य प्रकारही याच जनुकातील दोषांमुळे होतो. कोठारात या जनुकाच्या संदेशाची जी प्रमाण नोंद आहे, तिचा क्रमांक आहे एनएम_०००५१८, आणि त्यापुढे टिंब देऊन पाच. हा पाच म्हणजे नोंदीची पाचवी आवृत्ती. पुस्तकाची आवृत्ती सांगतो तशी ही आवृत्तीही सांगावी लागते, कारण नोंदी सुधारल्या जातात.

ही नोंद मागविली की ६२८ अक्षरांची ओळ हातात येते. विद्यार्थी मित्रहो, आता वहीत हिशेब करा. नोंदीतील टिपण सांगते की प्रथिनाचा मजकूर ५१ व्या अक्षरापासून ४९४ व्या अक्षरापर्यंत आहे. किती अक्षरे झाली? ४४३ म्हणाल तर चुकाल. पहिले आणि शेवटचे दोन्ही धरावयाचे, म्हणून ४४४. तीन-तीन अक्षरांचे शब्द केले तर १४८ शब्द होतात. शेवटचा शब्द पूर्णविरामाचा. उरले १४७. बायोपायथॉनला 'ट्रान्सलेट' अशी आज्ञा दिली की हे १४७ शब्द प्रथिनाच्या लिपीत उतरतात आणि सुरुवात होते ती अशी: एम, व्ही, एच, एल, टी, पी, ई, ई. हे पहिल्यांदा पडद्यावर उमटते तेव्हा फार आनंद होतो. प्रत्येक माणसाच्या रक्तात जे लिहिलेले आहे, ते आपण आपल्या हाताने वाचलेले असते.

पण येथेच सावध राहावयाचे. संगणक फार आज्ञाधारक असतो. चुकीचे विचारले तर तो तितक्याच इमानाने चुकीचे उत्तर देतो आणि तोंडावरची रेषही हलवीत नाही. माझ्या विद्यार्थ्यांकडून आणि माझ्याकडूनही ज्या चुका वारंवार झाल्या, त्यांतल्या तीन सांगतो.

पहिली चूक संख्येची. ई-सर्चला काही सांगितले नाही तर ते पहिले २० क्रमांकच देते. एका विद्यार्थ्याने अहवालात लिहिले की या जनुकाच्या जगात फक्त वीस नोंदी आहेत! वास्तविक त्याच उत्तरात एकूण संख्या वेगळी दिलेली असते. ती त्याने पाहिली नव्हती. किती हवेत हे सांगितले की तितके क्रमांक मिळतात.

दुसरी चूक सुरुवातीची. काही जण ५१ व्या अक्षरापर्यंतचा भाग न कापता पहिल्याच अक्षरापासून भाषांतर करतात. आधीची अक्षरे ५०. त्यांना तीनाने भागले तर दोन उरतात. म्हणजे सगळे शब्द चुकीच्या जागी तुटतात आणि जे प्रथिन निघते ते जगात कोठेही नसते. शिवाय पायथॉन मोजणी एकापासून न करता शून्यापासून करते. आपले ५१ वे अक्षर म्हणजे त्याचे ५० वे.

तिसरी चूक सर्वांत महत्त्वाची. सिकलसेलमध्ये प्रथिनाच्या सहाव्या जागी ई ऐवजी व्ही येतो, असे जुनी पुस्तके सांगतात. १९५० च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम या शास्त्रज्ञाने हा फरक दाखवून दिला. पण तुम्ही कोठारातील क्रमात सहावे अक्षर पाहाल तर तेथे पी आढळेल. मग पुस्तक खोटे की कोठार खोटे? दोन्ही खरे. पहिला एम शरीरात नंतर गळून पडतो. जुनी मोजणी तो सोडून केलेली आहे, कोठारात तो धरलेला आहे. म्हणून जुने सहावे ते नवे सातवे. डीएनएमध्ये तेथे जी-ए-जी असा शब्द आहे. सिकलसेलमध्ये तो जी-टी-जी होतो. आमच्या ६२८ अक्षरांत ते बदलणारे अक्षर ७० वे. एक अक्षर चुकले तर माणूस आयुष्यभर वेदना सोसतो. मोजणाऱ्याचा एक आकडा चुकला तर निरोगी ओळ आजारी दिसते आणि आजारी ओळ निरोगी दिसते. तेव्हा गणित आवडत नाही म्हणून जीवशास्त्र घेतले, असे म्हणणाऱ्या मुलांनी याचा विचार करावा.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगताना आजही लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी मी तीस विद्यार्थ्यांना हा प्रोग्रॅम शिकविला. ई-मेलच्या जागी स्वतःचा पत्ता घालावयाचा हे मला ठाऊक होते. पण घाईत मी पुस्तकात नमुन्यादाखल छापलेला खोटा पत्ता तसाच ठेवला आणि तीच प्रत सर्वांना दिली. कोठाराचा नियम असा आहे की परवान्याची किल्ली नसेल तर एका सेकंदात तीनपेक्षा अधिक विनंत्या पाठवू नयेत. किल्ली असेल तर दहा. ही किल्ली खाते उघडले की फुकट मिळते. बायोपायथॉन हा नियम स्वतः पाळते, पण ते आपल्या एका प्रोग्रॅमपुरते. माझे तीस विद्यार्थी एकाच वेळी, महाविद्यालयाच्या एकाच जोडणीवरून, शेकडो नोंदी मागवीत होते. पलीकडून पाहणाऱ्याला ते तीस जण दिसत नाहीत, अधाशासारखा मागणारा एकच माणूस दिसतो. 'फार विनंत्या' अशी सूचना येऊ लागली. मी ती नीट वाचली नाही. "नेट खराब आहे, पुन्हा चालवा," असे मुलांना सांगितले. मुलांनी पुन्हा चालविले. थोड्याच वेळात उत्तरे येणेच बंद झाले.

कोठाराची माणसे दार बंद करण्यापूर्वी दिलेल्या पत्त्यावर कळविण्याचा प्रयत्न करतात. पण माझा पत्ताच खोटा! ते कळविणार कोणाला? त्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थिनीला प्रकल्प सादर करावयाचा होता. ती रिक्षा चालविणाऱ्या बापाची मुलगी, घरातली पहिली पदवीधर होणार होती. तिचे तीन दिवस वाया गेले आणि त्या तीन दिवसांत तिने दोष दिला तो स्वतःला. "सर, माझेच काही चुकले असेल," असे ती म्हणत राहिली. चूक कोणाची होती हे मला कळले, तेव्हा मी वर्गात उभे राहून तिची आणि सर्वांची माफी मागितली. खरे नाव सांगून माल मागावा, दुसऱ्याच्या दारात गर्दी करू नये, आणि सूचना आली की आधी ती वाचावी, ही चिठ्ठीची साधी रीत मी विसरलो होतो.

त्यानंतर आम्ही नियम नीट वाचले. त्यांत एक गंमत आढळली. मोठी मागणी असेल तर ती शनिवार-रविवारी किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात पाठवावी, असे तेथे सांगितले आहे. त्यांची रात्र म्हणजे आपली सकाळ. उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजता ती वेळ सुरू होते. त्या मुलीने वडिलांनी घेतलेल्या जुन्या संगणकावर, मोबाइलचे नेट जोडून, रोज सकाळी सातनंतर काम सुरू केले. प्रत्येक नोंद एकदाच मागवावयाची आणि आपल्याकडे जतन करून ठेवावयाची, म्हणजे तीच वस्तू पुन्हा मागण्याची वेळ येत नाही, ही शिस्त तिने लावून घेतली. तिचे वडील मला पुढे भेटले तेव्हा म्हणाले, "सर, पोरगी सकाळी उठून ही अक्षरे बघत बसते. मी विचारलं, हे कोणाचं रक्त? तर म्हणते, अब्बा, हे कोणा एकाचं नाही, ताडून बघायला ठेवलेला नमुना आहे. आपलं पण यावरूनच तपासतात." एवढे सांगून ते थोडे थांबले आणि म्हणाले, "मला त्यातलं काही कळलं नाही. पण ती जे करते ते फालतू नाही, एवढं कळलं." पालकहो, मला वाटते की मुलांना पुढे जाण्यासाठी बापाकडून एवढे कळणे पुरेसे असते. त्यांनी तिला पुढे शिकविले. आज ती एम.एस्सी. करीत आहे.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. कोठारातून क्रम वाचता येऊ लागला म्हणजे आपण वैद्य झालो असे नाही. घरात कोणाला रक्ताचा आजार असेल, किंवा लग्न ठरविताना सिकलसेल-थॅलेसेमियाची शंका असेल, तर मुलामुलीने रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे आजार कोणा एका जातीजमातीचे नाहीत आणि वाहक असणे हा कलंकही नाही. संगणकावरून निदान करणे मात्र धोक्याचे. तसेच कोठारातून घेताना संकोच नको, पण आपल्या किंवा नातलगांच्या तपासणीचा क्रम कोणत्याही संकेतस्थळावर चढवू नका. ती घरची खाजगी गोष्ट आहे. एकदा बाहेर गेली की परत आणता येत नाही.

तुम्ही विचाराल, यातून पोटापाण्याचे काय? नोकरीची हमी मी देणार नाही. तशी हमी देणारा खोटे बोलतो असे समजा. पण औषधांच्या प्रयोगशाळा, शेतीचे संशोधन, रोगांच्या साथींवरील पाळत, या सर्व ठिकाणी जीवशास्त्र आणि संगणक दोन्ही जाणणारी माणसे लागतात. पुणे विद्यापीठात या विषयाचे केंद्र १९८७ सालापासून आहे. फरिदाबाद येथे २०२२ साली भारताचे स्वतःचे राष्ट्रीय जैविक माहिती केंद्रही उभे राहिले आहे. म्हणजे कोठार आता केवळ परदेशातच आहे असे नाही. ते भरण्यासाठी आणि वाचण्यासाठी माणसे लागणार. ती आपल्या मुलांतून का निघू नयेत?

भाषेचा प्रश्नही काहींच्या मनात असेल. आमची मुले मराठी किंवा उर्दू माध्यमाची, त्यांना हे जमेल काय? मी म्हणतो, जमेल. या आज्ञांचे इंग्रजी शब्द मोजके आहेत. ते पाठ होतात. विचार मात्र आपल्या भाषेतच करावयाचा असतो. काय हवे, कोठून हवे, किती हवे आणि आलेले बरोबर आहे की नाही, हे चार प्रश्न ज्याला मराठीत नीट विचारता येतात, त्याला पायथॉनमध्येही विचारता येतात.

शेवटी मागणे एवढेच. संस्थेने एका खोलीत चार संगणक आणि एक बरी जोडणी द्यावी, आणि ती खोली सकाळी सातपासून उघडी ठेवावी. पालकांनी मुलामुलींना रोज दोन तास निवांत द्यावेत. त्या दोन तासांत मुलीला पाणी भरावयास किंवा चहा टाकावयास उठवू नये. विद्यार्थ्यांनी पहिल्या महिन्यात फक्त पायथॉनची ओळख करून घ्यावी, दुसऱ्या महिन्यात एचबीबीची नोंद मागवून आज सांगितलेला हिशेब स्वतः करून पाहावा, आणि तो जमला की आपल्या आवडीचे दुसरे जनुक निवडावे. अडले तर शिक्षकांना विचारावे. शिक्षकांना येत नसेल तर त्यांनी "मला येत नाही, आपण दोघे शिकू," असे म्हणावे. त्यात कमीपणा नाही. मी स्वतः हे माझ्याहून वयाने लहान माणसांकडून शिकलो आहे.

इल्म मिळविण्यासाठी पूर्वी माणसे महिनोन् महिने प्रवास करीत. आज सगळे कोठार आपल्या दाराशी आले आहे. प्रवास वाचला, पण मेहनत वाचली नाही आणि इमानदारीची अटही सुटली नाही. खऱ्या नावाने मागा, गरजेपुरते मागा, आलेले तपासून घ्या, आणि जमेल तेव्हा त्या कोठारात आपणही काही भर घाला.

 जे विद्यार्थी त्या ७० व्या अक्षरापर्यंत पोहोचतील, त्यांनी मला येऊन जरूर सांगावे. मी वाट पाहीन.